मुक्त युनिक्ससदृश संचालन प्रणालींची नेटवर्क कार्यक्षमता व विश्वासार्हता

लिनक्स तसेच बीएसडी कुळातील फ्रीबीएसडी, नेटबीएसडी व ओपनबीएसडी या प्रमुख मुक्त युनिक्ससदृश संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, आहेत. वेब सर्व्हर, राउटर व फायरवॉल यांसाठी त्या वापरल्या जात असल्याने त्यांच्या नेटवर्क कार्यक्षमतेची व विश्वासार्हतेची तुलना १९९० च्या दशकापासून होत आली आहे. या तुलनेतील क्रम आवृत्तीगणिक बदलत गेला आहे. त्यामुळे कोणत्याही चाचणीचा निष्कर्ष त्या आवृत्तीपुरता, यंत्रसामग्रीपुरता व कामाच्या प्रकारापुरताच ग्राह्य ठरतो.

पार्श्वभूमी

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ४.२बीएसडी या युनिक्स आवृत्तीत टीसीपी/आयपी नियमावली आणि प्रोग्रामना जाळ्याशी जोडणारी 'सॉकेट' ही व्यवस्था अंतर्भूत होती. नेटबीएसडी व फ्रीबीएसडी (दोन्ही १९९३) यांना ही परंपरा वारशाने मिळाली. ओपनबीएसडी १९९५ साली नेटबीएसडीपासून वेगळी झाली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभलेल्या लिनक्सची नेटवर्क संहिता मात्र स्वतंत्रपणे लिहिली गेली.

मुंबई उपनगरांतील आरंभ

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यातील पहिली जोडणी १९८६-८७ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवई येथील आयआयटी मुंबई यांच्यामध्ये दूरध्वनीद्वारे झाली. दीर्घकाळ जुहू येथे कार्यरत असलेले हे केंद्र २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झाले.

या जोडणीसाठी युनिक्समधील यूयूसीपी ही पद्धत वापरली गेली. तिच्यात संदेश आधी संगणकात साठवले जात आणि दूरध्वनी लागल्यावर पुढे पाठवले जात. तो न लागल्यास ते रांगेत थांबत. वेग अल्प असला तरी वाहिनी खंडित झाल्याने संदेश नष्ट होत नसे. वेग आणि विश्वासार्हता हे दोन निकष वेगळे का मोजावे लागतात, याचे हे सुबोध उदाहरण होय.

तुलनेचे निकष

कार्यक्षमता मोजताना प्रतिसेकंद वाहून नेलेली माहिती, प्रतिसादास लागणारा वेळ, एकाच वेळी सांभाळलेल्या जोडण्यांची संख्या आणि अनेक प्रोसेसरांचा उपयोग करून घेण्याची क्षमता पाहिली जाते. विश्वासार्हतेसाठी अखंड कार्यकाळ, अतिभाराखालील वर्तन आणि एक यंत्र बंद पडल्यास दुसऱ्याने काम हाती घेणे हे निकष लावले जातात.

महत्त्वाच्या चाचण्या

१९९९ साली माइंडक्राफ्ट या संस्थेने मायक्रोसॉफ्टच्या खर्चाने केलेल्या चाचणीत चार प्रोसेसरांच्या सर्व्हरवर लिनक्स विंडोज एनटीच्या मागे पडली. चाचणीच्या निःपक्षपातीपणावर टीका झाली. परंतु लिनक्स २.२ मध्ये नेटवर्कचे बरेचसे काम एका वेळी एकाच प्रोसेसरला करता येते, हा दोष खरा होता. २.४ आवृत्तीत (२००१) तो बहुतांशी दूर झाला.

त्याच वर्षी डॅन केगेल यांनी एका सर्व्हरवर दहा हजार जोडण्या सांभाळण्याचा प्रश्न 'सी१०के' या नावाने मांडला. त्याला उत्तर म्हणून फ्रीबीएसडीत २००० साली 'केक्यू' आणि पुढे लिनक्समध्ये 'ईपोल' ही व्यवस्था आली. दोहोंमुळे प्रत्येक जोडणी वारंवार तपासण्याऐवजी हालचाल झालेल्या जोडण्यांचीच सूचना मिळू लागली.

फेलिक्स फॉन लाइटनर यांच्या २००३ मधील चाचणीत लिनक्स २.६ सरस ठरली व ओपनबीएसडी मागे राहिली. नेटबीएसडीच्या विकासकांनी दाखवलेले दोष अल्पावधीत दुरुस्त केल्याने तिचे स्थान लगेच सुधारले.

प्रत्यक्ष वापर

व्हॉट्सॲपने २०१२ साली फ्रीबीएसडीच्या एका सर्व्हरवर वीस लाखांहून अधिक जोडण्या सांभाळल्याचे जाहीर केले. नेटफ्लिक्सचे चित्रफिती पुरवणारे सर्व्हरही फ्रीबीएसडीवर चालतात. ओपनबीएसडीने वेगापेक्षा सुरक्षेला प्राधान्य दिले. तिचे 'पीएफ' फायरवॉल (२००१) आणि बंद पडलेल्या यंत्राची जागा दुसऱ्याला घेऊ देणारी 'कार्प' पद्धत (२००४) बीएसडी कुळातील इतर प्रणालींनीही स्वीकारली.

मर्यादा

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, स्मृतीचे प्रमाण व मूळ मांडणीतील मूल्ये बदलली की निकाल बदलतात. म्हणून तुलना एकाच यंत्रावर व समान भाराखाली करणे आवश्यक असते. दीर्घ अखंड कार्यकाळ हाही विश्वासार्हतेचा पूर्ण पुरावा नव्हे. कर्नेलमधील सुरक्षा-दुरुस्त्या लागू करण्यासाठी यंत्र बहुधा पुन्हा सुरू करावे लागत असल्याने, वर्षानुवर्षे बंद न केलेले यंत्र स्थिर असूनही असुरक्षित असू शकते.