प्रवाळटाकीतील हानी

प्रवाळटाकीतील हानी : घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत जोपासलेल्या प्रवाळांच्या वसाहती थोड्या दिवसांत, वरवर पाहता कारणाशिवाय मरणे. शौकिनांच्या बोलीत ‘टँक क्रॅश’. हानी ‘अचानक’ होते ती बहुधा पाळणाऱ्याच्या लेखी. प्रवाळाने त्याआधी कित्येक दिवस पॉलिप आखडून घेतलेले असतात.

पॉलिपांच्या ऊतींत झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवल राहते आणि प्रकाशात अन्न तयार करून यजमानाला पुरवते. ताण पडला की हे शैवल बाहेर टाकले जाते, ऊती पारदर्शक होतात आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. हे विरंजन. विरंजित प्रवाळ जिवंत असतो; ताणाचे कारण दूर झाले तर तो काही आठवड्यांत सावरूही शकतो. ऊतीच सालीसारख्या सुटू लागल्या तर मात्र काही तासच हाती असतात. तेव्हा निरोगी टोक तोडून वेगळे लावणे एवढेच उरते. दोन्ही अवस्था पांढऱ्या, त्यामुळे नवखा इथेच फसतो आणि सावरू शकणारी वसाहत फेकून देतो. भिंगातून पाहावे : विरंजित वसाहतीवर स्पर्शक हलताना दिसतात.

कारण शोधताना पाण्याआधी मृतांची यादी वाचावी. मासे ठणठणीत पण शोभेच्या कोळंब्या, गोगलगायी आणि प्रवाळ गेले, तर संशय तांब्यावर (माशांच्या औषधातून आलेल्या) किंवा कीटकनाशकावर. स्किमर (फेसावाटे मळ काढणारे यंत्र) खोलीतली हवा ओढून पाण्यात घुसळतो. त्यामुळे डासांसाठी मारलेला स्प्रे थेट टाकीत पोचतो. सगळेच एका रात्रीत गेले, तर ऑक्सिजन संपला असे समजावे. पावसाळी रात्री वीज गेली, पंप थांबले, की असे घडते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तेव्हा महागड्या दिव्यांपेक्षा मोलाचा. फक्त कठीण प्रवाळ गेले, तर क्षारता (अल्कलिनिटी) पाहावी. एकाच जातीचे गेले, तर त्यावर जगणारी कीड रात्री बॅटरीच्या उजेडात शोधावी. एकाच कोपऱ्यातले गेले, तर शेजारचा प्रवाळ स्पर्शकांनी डंख मारतो का ते पाहावे.

कोकणात उष्मा हा वेगळा विषय आहे. टाकी साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअसवर चालवतात. समुद्रातही पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद-दुसरा अंश वर जाऊन आठवडेच्या आठवडे तिथेच राहिले, तर विरंजन सुरू होते. १९९८ साली लक्षद्वीपचे प्रवाळ असेच होरपळले. पाण्यावर पंखा लावून बाष्पीभवनाने गारवा मिळवण्याची युक्ती नागपूरच्या कोरड्या हवेत चालते, रोहा-पेणच्या दमट मे महिन्यात फारशी नाही. तिथे चिलर किंवा वातानुकूलित खोली, नाहीतर शौक आवरता घ्यावा.

पाण्याचे दुखणे याहून गुंतागुंतीचे. रोहा तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गावर असलेल्या खांबसारख्या गावातून समुद्र जवळ वाटतो, आणि कॅन घेऊन रेवदंड्याला जाण्याचा मोह होतो. पण कुंडलिका तिथेच समुद्राला मिळते. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणारे पाणी नदीला बारमाही वाहते ठेवते, आणि पावसाळ्यात खाडीमुखाशी गाळ व गोडे पाणी यांचेच राज्य असते. पेणच्या बाजूला मिठागरांची परंपरा असल्याने ‘आगरातलेच मीठ घालू’ असाही विचार सुचतो. तो मुळातच चुकीचा. समुद्राचे पाणी आटताना कॅल्शियमचा मोठा भाग चुना आणि जिप्समच्या रूपात मिठाआधीच बसतो, मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहते. हाती येते ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. म्हणून प्रवाळांसाठी तयार मिश्रमीठच वापरावे आणि क्षारांचे प्रमाण हजारी ३५ ठेवावे. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्यावर न जुळवता ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवावा. बाष्पीभवनाची भरपाई गोड्या पाण्याने करावी. स्वयंपाकघरातला आरओ मात्र या कामाचा नाही. चव राखण्यासाठी त्यातल्या अनेक यंत्रांत नळाचे थोडे पाणी मुद्दाम मिसळलेले असते. टीडीएस मीटरने शून्य किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा दाखवला, तरच ते पाणी टाकीत जावे.

क्षारता ७ ते ११ डीकेएच आणि कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम ही रूढ मर्यादा. पण एकदाच घेतलेला आकडा फसवतो. ८ वर महिनोन्‌महिने स्थिर असलेली क्षारता ७ आणि १० मध्ये हेलकावणाऱ्या क्षारतेपेक्षा बरी. घाबरून एकाच संध्याकाळी मीठ, दिवे, औषध सगळे बदलणारा पाळणारा मूळ आजारापेक्षा जास्त प्रवाळ मारतो. थोडे पाणी बदलावे, सक्रिय कोळसा घालावा आणि एका वेळी एकच गोष्ट हलवावी. मेलेल्या झोअँथिडांचा (प्रवाळांच्या नात्यातल्या मऊ प्राण्यांचा) दगड उकळत्या पाण्यात टाकू नये किंवा घासू नये : काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते आणि वाफेतून ते माणसालाही बाधते.

गेलेल्या वसाहतीची जागा किनाऱ्यावरच्या तुकड्याने भरता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ साली सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे घालण्यात आले. मालवणच्या सागरी अभयारण्याला (१९८७) तर स्वतंत्र संरक्षण आहे. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या आड आलेल्या हाजीअली आणि वरळी येथील वसाहती हलवण्यासाठीही महापालिकेला आधी वन विभागाची परवानगी घ्यावी लागली होती.