माल्टाची शेळी आणि आपल्या घरातले दूध

संत पौलाचे जहाज वादळात फुटले आणि तो सहप्रवाशांसह माल्टा बेटाच्या किनाऱ्याला लागला, ही हकिकत प्रेषितांच्या कृत्यांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातून आपण अनेकदा ऐकली आहे. त्या बेटावरील प्रमुखाचा पिता तापाने व आवेने अंथरुणाला खिळला होता. पौलाने प्रार्थना करून त्याच्यावर हात ठेवले आणि तो बरा झाला, असे तेथे नमूद आहे. तो ताप कोणता, हे पवित्र शास्त्र सांगत नाही. परंतु पुढे अठराशे वर्षांनी माल्टाचे नाव वैद्यकाच्या ग्रंथांत गेले ते एका तापामुळेच, आणि त्या तापाचे मूळ सापडले ते दुधाच्या भांड्यात. कच्चे दूध घ्यावे, डेअरीचे घ्यावे, की सोयाबीन-बदामाचे घ्यावे, हा प्रश्न आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी निघतो. त्याचा विचार करताना या छोट्या कॅथलिक बेटाचा इतिहास आम्हांला फार बोलका वाटतो.

एकोणिसाव्या शतकात माल्टा हे ब्रिटिश आरमाराचे मोठे ठाणे होते. तेथे येणारे सैनिक व खलाशी एका चिवट तापाने आजारी पडत. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. सांधे धरत, रात्री घामाने कपडे भिजत आणि रोगी महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राही. 1887 साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने या रोगाचा जंतू शोधून काढला. त्याच्याच नावावरून पुढे या रोगास ब्रुसेलोसिस म्हणू लागले. जंतू सापडला खरा, पण तो माणसाच्या पोटात जातो कोणत्या वाटेने, हे कोडे आणखी अठरा वर्षे सुटले नाही. कोणी बंदरातल्या गाळाला दोष दिला, तर कोणी हवेला.

ते कोडे सोडवले थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टाच्याच सुपुत्राने. 1905 साली त्यांनी शेळ्यांचे रक्त तपासले. शेळ्या दिसायला धडधाकट होत्या, म्हणून त्यांच्यावर कोणाचा संशय नव्हता. तपासणीत मात्र बेटावरील जवळजवळ निम्म्या शेळ्यांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले, आणि सुमारे दहांतील एकीच्या दुधातून जिवंत जंतू बाहेर पडत होते. त्याच वर्षी माल्टात खरेदी केलेल्या शेळ्या घेऊन एक बोट अमेरिकेकडे निघाली. वाटेत ज्यांनी त्यांचे कच्चे दूध प्यायले, त्यांच्यापैकी अनेकांना हाच ताप आला. 1906 साली लष्कराने व आरमाराने आपल्या लोकांसाठी शेळीचे दूध बंद केले आणि थोड्याच अवधीत छावण्यांतील ताप जवळजवळ नाहीसा झाला.

बेटावरच्या सामान्य कुटुंबांचे काय झाले? येथे हा इतिहास आपल्या जवळ येतो. माल्टात गवळी शेळ्यांचा कळप गल्लीबोळांतून हिंडवी आणि गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच भांड्यात धार काढून देई. यात पाणी मिसळलेले नाही, याची याहून चांगली खात्री कोणती? बंद भांड्यातून येणाऱ्या दुधावर लोकांचा विश्वास बसेना आणि गवळ्यांच्या पोटाचाही प्रश्न होताच. दुधाचे शास्त्रोक्त निर्जंतुकीकरण करणारे सरकारी केंद्र तेथे सुरू व्हायला 1938 साल उजाडले. शोध आणि उपाय यांच्यामध्ये तेहेतीस वर्षे गेली आणि त्या काळात ताप घरोघरी येतच राहिला. पुढे 1995 साली, कच्च्या दुधाच्या ताज्या चीजमधून तो तेथे पुन्हा एकदा पसरला.

आपण त्या लोकांना हसू नये. धारोष्ण दुधाची थोरवी आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. मात्र आपल्या आयाआजींनी चुलीवर दूध तापवण्याचा नेम सहसा मोडला नाही. दूध नासू नये, एवढाच त्यांचा हेतू असेल, पण त्या उकळीने किती लेकरे वाचली असतील! लुई पाश्चर यांनी 1860 नंतरच्या दशकात द्राक्षारस नासू नये म्हणून जी रीत बसवली, तीच पुढे दुधाला लावण्यात आली: 63 अंश सेल्सिअसवर अर्धा तास, किंवा 72 अंशांवर पंधरा सेकंद. एवढ्या तापवण्याने काही जीवनसत्त्वे थोडी घटतात. प्रथिने व कॅल्शियम यांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडत नाही. पाण्याची भेसळ डोळ्यांना किंवा जिभेला कळू शकते. जंतू कळत नाही. म्हणून 'समोर काढलेले' दूध शुद्ध असेलही, पण तेवढ्याने ते निर्धोक ठरत नाही.

आता राहिले वनस्पतींचे दूध. हे आजचे नवे खूळ आहे, असे कोणी म्हणेल, तर आपल्याच ख्रिस्तसभेचा इतिहास त्याला दाखवावा. मध्ययुगात उपवासकाळात मांसाबरोबर अंडी, दूध व लोणीही वर्ज्य असे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ग्रंथात या नियमाची चर्चा केली आहे. त्या चाळीस दिवसांत युरोपातील सधन घरांच्या स्वयंपाकात बदामाचे दूध वापरीत. 1390च्या सुमाराच्या इंग्रजी राजवाड्यातील पाककृतींत ते वारंवार येते. गरिबाला बदाम परवडत नसत. त्याने दुधावाचूनच दिवस काढावेत. लोणी खाण्याची सवलत घेणाऱ्यांनी दिलेल्या पैशांतून फ्रान्समधील रूआँ येथील कॅथेड्रलचा एक मनोरा उभा राहिला, असे सांगतात. त्याला आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणतात. आणि वसईपासून गोव्यापर्यंतच्या आपल्या स्वयंपाकघरांत नारळाचे दूध काढायला कोणी शिकवावे लागले नाही.

परंतु आपल्या आयांनी नारळाचे दूध सांबाऱ्यात घातले, तान्ह्याच्या वाटीत घातले नाही. हा विवेक आजही हवा. बदामाच्या दुधात प्रथिने अगदी थोडी असतात. सोयाबीनचे दूध प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या जवळ जाते, पण कॅल्शियम त्यात वेगळे घालावे लागते. ज्याला दूध पचत नाही किंवा जो व्रत म्हणून दूध सोडतो, त्याला हा मार्ग मोकळा आहे. तान्ह्या मुलाला मात्र आईचे दूध हवे. ते नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पर्याय निवडावा. बदामाचे किंवा नारळाचे पाणीदार दूध त्याची जागा घेऊ शकत नाही.

ओळखीच्या तबेल्यातून दूध येत असेल, तर ते जरूर घ्यावे. त्या गवळ्याच्या घरची चूलही आपल्यावर अवलंबून असते. पण ते उकळूनच घरातल्यांपुढे ठेवावे, मग गवळी कितीही सज्जन असो. माल्टाचे गवळीही सज्जनच होते आणि आपल्या शेळ्या निरोगी आहेत, असे ते मनापासून समजत होते.