भिंत आणि वाट

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव आज संत गोरोबाकाकांमुळे सर्वांना ठाऊक आहे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी हेच गाव ‘तगर’ या नावाने समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नोंद आहे की, तगरचे कापड गाड्यांत भरून, जेथे धड रस्ता नाही अशा मुलखातून, भडोचच्या बंदराकडे नेत असत. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस तगर आणखी दहा दिवसांवर. माल आपला, पण वाट सर्वांची! एवढी लांबची वाट स्वतःपुरती बांधणे कोणाही व्यापाऱ्याच्या आवाक्यातले नव्हते. तेव्हा परक्या वाटेवरून आपले गाठोडे सुखरूप कसे न्यावे, हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला नवा नाही.

संगणकाच्या जगात हा प्रश्न ज्या साधनाने सोडविला, त्याला व्हीपीएन, म्हणजे ‘व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क’ म्हणतात. इंटरनेट हा सार्वजनिक रस्ता. आपले पत्र कुलूपबंद पेटीत घालायचे, पेटीवर केवळ आपल्या कचेरीच्या वेशीचा पत्ता लिहायचा आणि ती त्या रस्त्याने धाडायची. वेशीवर कुलूप उघडते आणि आतले पत्र ज्याचे त्याला पोचते. वाटेतल्या माणसाला पेटी दिसते, मजकूर दिसत नाही. सार्वजनिक रस्त्याच्या पोटातून खणलेला हा जणू खाजगी बोगदाच.

या बोगद्याचा इतिहास फार जुना नाही. जॉन आयोनिडिस आणि मॅट ब्लेझ या दोघांनी 1993 च्या सुमारास ‘स्वाईप’ नावाचा प्रारंभीचा प्रयोग केला. 1995 मध्ये ‘आयपीसेक’चे पहिले नियम प्रसिद्ध झाले. पुढे जेम्स योनान हा गृहस्थ मध्य आशियात प्रवास करीत असता त्याला आपल्या कचेरीशी परक्या देशांतील जाळ्यांवरून संपर्क ठेवावा लागे. कोण काय वाचत असेल, याचा भरवसा नव्हता. त्या काळजीतून 2001 मध्ये ‘ओपनव्हीपीएन’ जन्मास आले. प्रवाशाच्या गरजेतून साधन निर्माण व्हावे, ही गोष्ट तगरच्या गाडीवानांनाही पटली असती.

परंतु या साधनाचा एक स्वभाव ध्यानात ठेवला पाहिजे. इतर प्रोग्राम संगणकात पाहुण्यासारखे राहतात. हा पाहुणा आल्याबरोबर घराच्या किल्ल्या मागतो. त्याला जाळ्याचे एक नवे, केवळ भासमान असे दार उघडावयाचे असते, बाहेर जाणाऱ्या टपालाचे मार्ग बदलावयाचे असतात आणि नावावरून पत्ता शोधण्याची जी वही संगणकापाशी असते, तिच्यातही हात घालावयाचा असतो. मालकाचा अधिकार हाती असल्याखेरीज त्याचे काम होत नाही.

आता भिंतीची कथा. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये लिनक्सचा पाया घातला. या प्रणालीत मालकाने परवानगी दिली की कोणताही प्रोग्राम कोठेही आपले सामान मांडू शके. पुष्कळ बिऱ्हाडे असलेल्या जुन्या वाड्यासारखी अवस्था झाली. प्रत्येकाने आपापला खिळा ठोकलेला. कोणता खिळा उपटला असता कोणाचे छत खाली येईल, हे घरमालकालाही सांगता येऊ नये. यावर काही विचारी मंडळींनी उपाय शोधला. नेदरलंडमध्ये ईल्को डॉल्स्ट्रा याने 2003 पासून ‘निक्स’ची मांडणी केली, त्यानंतरच्या दशकात कॉलिन वॉल्टर्स याने ‘ओएसट्री’ रचले, आणि त्याच पायावरचे ‘फेडोरा सिल्व्हरब्लू’ 2018 मध्ये या नावाने लोकांपुढे आले. यात प्रणालीचा गाभा, म्हणजे ‘यूएसआर’ हा विभाग, केवळ वाचता येतो. त्यावर लिहिता येत नाही. सुधारणा आली की जुन्या घराला हात न लावता शेजारी नवे घर उभे राहते आणि संगणक पुन्हा सुरू केला म्हणजे आपण त्यात राहावयास जातो. नवे घर गळके निघाले, तर जुने तसेच शाबूत असते. या बंदोबस्ताला ‘अपरिवर्तनीय’ प्रणाली म्हणतात.

दोन्ही गोष्टी सुरक्षिततेसाठीच झाल्या. पण एकीला भिंतीत दार पाडावयाचे आणि दुसरीला भिंतीला टाचणीही टोचू द्यावयाची नाही! तेव्हा त्यांची गाठ पडताच तंटा व्हावा, हे ओघानेच आले.

तो तंटा मी 2021 मध्ये जवळून पाहिला. माझा एक माजी विद्यार्थी टाळेबंदीत पुण्याहून तुळजापूर तालुक्यातील आपल्या गावी परतला होता आणि घरूनच नोकरी करीत होता. आमच्या या अवर्षणी मुलखातून पोटासाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. घरी राहून पगार मिळावा, आईबापांजवळ असावे, हे भाग्य थोड्यांचे. त्याचे भाग्य त्या बोगद्यावर अवलंबून होते. त्याने सिल्व्हरब्लू घातले आणि कंपनीने दिलेला व्हीपीएनचा प्रोग्राम बसेना. ‘येथे केवळ वाचता येते’, एवढेच उत्तर परत येई. कोणी सांगितले, भिंतीचे कुलूप तात्पुरते काढता येते. त्याने काढले, रात्री जोडणी झाली. सकाळी संगणक पुन्हा सुरू केला, तो सारे पाटी पुसल्यासारखे नाहीसे! ती मोकळीक पुढच्या प्रारंभापर्यंतचीच असते. तीन दिवस काम बंद राहिले आणि कंपनीने ते बिनपगारी धरले.

चौथ्या दिवशी त्याने भिंतीशी भांडणे सोडले. ‘सर,’ तो म्हणाला, ‘घरात आधीपासून कोणती दारे आहेत, ते पाहू.’ ‘ओपनकनेक्ट’ हा कंपनीच्या वेशीची भाषा बोलणारा प्रोग्राम प्रणालीतच होता. तो डेव्हिड वुडहाउस आणि त्याचे सहकारी रचीत आले आहेत. त्यातून बोगदा उघडला. तरी कंपनीचे पान दिसेना. त्याने नावाऐवजी थेट आकड्यांचा पत्ता घातला, तो उत्तर आले! म्हणजे वाट ठीक होती. नावांची वही चुकत होती. कंपनीची नावे कोणत्या वहीत शोधावीत, हे प्रणालीला कोणी सांगितलेच नव्हते. जोडणीच्या पत्रकात कंपनीचे नाव नोंदविताच तीही अडचण सरली. शेवटी छोटे निरोप जात, मोठी फाईल मात्र अडे. कुलपाची पेटी म्हटली की तिचे स्वतःचे वजन आलेच. 1500 अक्षरांच्या मापात पेटीसकट गाठोडे मावेना. त्याने माप 1300 वर आणले, आणि गाडी सुरळीत चालू लागली. या साऱ्यात भिंतीला एक टवकाही उडाला नाही.

याच तालुक्यातील नळदुर्गचा पाणीमहाल ज्यांनी पाहिला असेल, त्यांना यातले मर्म सांगावयास नको. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकीर्दीत बोरी नदीवर बांधलेले ते धरण किल्ल्याला रणमंडळाशी जोडते. धरणाच्या पोटातच महाल आहे. पावसाळ्यात ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन धबधबे बाहेर कोसळत असतात आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. नदीला अडविले आहे आणि वाटही दिली आहे. ही वाट कोणी मागाहून पहारीने पाडलेली नव्हे. बांधणाऱ्याने पाया घालतानाच ती मनाशी धरलेली होती. तयार धरणाला मागाहून भोक पाडू जाणाऱ्याच्या पदरी वाटही पडत नाही आणि धरणही राहत नाही.

संगणकशास्त्रालाही हे शहाणपण उशिरा का होईना, सुचले. जेसन डॉनेनफेल्ड याने रचलेले ‘वायरगार्ड’ हे अवघ्या चार हजार ओळींच्या आसपासचे साधन लिनक्सच्या गाभ्यातच सामावून घेण्यात आले. ती 5.6 वी आवृत्ती 29 मार्च 2020 रोजी प्रसिद्ध झाली. आपल्याकडे टाळेबंदी लागून तेव्हा चारच दिवस झाले होते आणि कितीतरी घरे एकाएकी कचेऱ्या बनली होती. जेथे कंपनीची वेस वायरगार्डची असते, तेथे हा बोगदा भिंत रचतानाच तिच्या पोटात ठेवलेला असतो. बाहेरून आणून बसविण्याचा प्रश्नच उरत नाही.

भिंत बांधणारा आणि वाट काढणारा हे परस्परांचे वैरी, अशी आपली समजूत असते. नळदुर्गच्या स्थपतीने ती चारशे वर्षांपूर्वीच खोटी ठरविली आहे. दोघे पहिल्या दगडापाशी एकत्र बसले, तर नदीही वाहते आणि महालही कोरडा राहतो. ते न बसले, तर एखाद्या गावातल्या पोराला तीन दिवसांचा पगार द्यावा लागतो.