सार्वत्रिक चल आणि बहुथ्रेडी सर्व्हर : एका गृहीतकाचा इतिहास

आज्ञावलीच्या कोणत्याही भागास वाचता व बदलता येणारे चल म्हणजे सार्वत्रिक चल, अर्थात ग्लोबल व्हेरिएबल होय. त्यावरील विश्वास भाषेच्या नियमांवर नव्हे, तर एका वेळी एकच आज्ञाप्रवाह चालतो या अलिखित गृहीतकावर आधारलेला होता. वेब सर्व्हरच्या इतिहासात हे गृहीतक कसे ढळले, हे पाहणे उद्बोधक आहे.

१९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसएच्या सर्व्हरबरोबर सीजीआय पद्धती प्रचारात आली. तीत प्रत्येक मागणीसाठी नवी प्रोसेस जन्मास येई आणि उत्तर देऊन संपे. तिच्याबरोबर तिचे सार्वत्रिक चलही नाहीसे होई. ही व्यवस्था निर्धोक, परंतु खर्चिक होती. म्हणून त्या दशकाच्या मध्यास नेटस्केपची एनएसएपीआय व मायक्रोसॉफ्टची आयएसएपीआय या पद्धती पुढे आल्या. त्यांत विस्तार-आज्ञावली सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये एकदा भरली जाई व अनेक थ्रेड तिला एकाच वेळी पाचारण करू शकत. वेग वाढला, मात्र पूर्वी एका मागणीपुरते असलेले चल आता सर्वांचे सामाईक झाले.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द येथे वैनगंगेवरील धरणातून डावा व उजवा असे दोन मुख्य कालवे निघतात. जलसाठ्याची नोंद एकाच वहीत असून तीत १०० हा आकडा आहे, असे समजू. डाव्या कालव्याचा कारकून १०० वाचून १० वजा करतो. तेवढ्यात उजव्याचा कारकूनही १०० च वाचून २० वजा करतो. पहिला ९० लिहितो, दुसरा त्यावर ८० लिहितो. वास्तविक साठा ७० उरला आहे. दोघांचीही वजाबाकी बिनचूक, तरी वही खोटी.

हा धोका अज्ञात नव्हता. डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्येच परस्पर-वर्जनाचा प्रश्न मांडून सोडविला होता. युनिक्समधील त्रुटिक्रमांक ठेवणारे ‘एर्नो’ हे चलही १९९५ च्या पोझिक्स थ्रेड-मानकाने प्रत्येक थ्रेडपुरते वेगळे केले. तथापि एकप्रवाही काळातील सवयी व ग्रंथालये नव्या सर्व्हरमध्ये तशीच आली. दोष दुर्धर असे, कारण एकट्याने चाचणी घेताना तो दिसत नसे. गर्दी होताच मात्र एकाचे नाव वा खाते दुसऱ्याच्या पानावर उमटण्याचा संभव असे.

उपाय तीन दिशांनी झाले. कुलूप लावून एका वेळी एकासच प्रवेश देणे हा पहिला. परंतु त्याने रांग लागते. मागणीची माहिती स्वतंत्र संरचनेत ठेवून ती हातोहात पुढे देणे हा दुसरा; आयएसएपीआयची रचना त्यास अनुकूलच होती. तिसरा म्हणजे थ्रेडगत चल. २००० मधील पीएचपीच्या चौथ्या आवृत्तीत थ्रेडनिहाय साठ्याची सोय आली, आणि २०११ च्या मानकांनी सी व सी++ या भाषांत अशा चलास स्थान दिले. मात्र थ्रेड पुन्हा पुन्हा वापरले जात असल्याने मागील मागणीचे मूल्य पुढच्या मागणीस मिळू शकते. उलटपक्षी, एकच विस्तार अनेक प्रोसेसमध्ये चालविल्यास प्रत्येकीत चलाची निराळी प्रत असते आणि ‘सार्वत्रिक’ मोजणी सार्वत्रिक राहत नाही.

यावरून असे दिसते की, ‘सार्वत्रिक’ हे विशेषण सापेक्ष आहे. ते आज्ञावलीतील दृश्यता सांगते. चलाचे आयुष्य किती व त्याचे वाटेकरी कोण, हे सर्व्हरची रचना ठरविते. आज्ञावलीतील एकही अक्षर न बदलता तिचा अर्थ बदलू शकतो, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.