दोन्ही गुडघे एकदम बदलायचे की एक-एक करून? ठरवण्याआधी हे वाचा

सोलापूर : जन्मभर रानात खुरपणी-काढणी केलेल्या माणसाचे बऱ्याचदा दोन्ही गुडघे झिजतात. डॉक्टर सांधा बदलायला सांगतात आणि घरात चर्चा सुरू होते : दोन्ही एकदाच उरकायचे, की आधी एक आणि नंतर दुसरा?

माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे दोन वेळा मिळून बदलले गेले. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ऑक्टोबर २००० मध्ये डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा बदलला.

एकदम केल्यास

भूल एकदाच, दवाखान्यातला मुक्काम एकदाच. एकूण खर्चही सहसा कमी येतो. दोन्ही पाय फार वाकडे असतील तर हा मार्ग सोयीचा, कारण एकच पाय सरळ झाला तर चालायचा व्यायाम नीट होत नाही. पण रक्त जास्त जातं, बाहेरून रक्त द्यावं लागण्याची शक्यता वाढते. हृदयावर आणि फुप्फुसावर ताणही जास्त येतो.

एक-एक केल्यास

शरीराला सावरायला वेळ मिळतो. साधारण दीड ते तीन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा दुसरा गुडघा करतात. मात्र भूल, टाके, दुखणं सगळं दोनदा. पहिल्या वेळच्या त्रासाने घाबरून दुसरा गुडघा तसाच राहून जातो, असंही होतं.

कोणी एकदम करू नये?

हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, ताब्यात नसलेली साखर, फार वजन किंवा सत्तरी-पंचाहत्तरीच्या पुढचं वय असेल, तर डॉक्टर सहसा एक-एकच करायला सांगतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. तंबाखू-मिश्री बंद करा. किडलेला दात, लघवीचा जंतुसंसर्ग आधी बरा करून घ्या.

घरची तयारी

दोन्ही गुडघे एकदम केले तर पहिले काही आठवडे आधाराला धडधाकट माणूस लागतो. ऊसतोड किंवा ज्वारीच्या काढणीत घरात कोणी नसेल, तर तारीख पुढे घ्या. कमोड, वॉकर आधीच आणून ठेवा. नंतर मांडी घालून किंवा उकिडवं बसणं टाळायचं असतं.

पैशांचं काय?

केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची किंमत तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. योजनेतल्या रुग्णालयात रेशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, दोन्ही गुडघ्यांची मंजुरी एकदम मिळते का, हे भरती होण्याआधीच विचारा.

घरी आल्यावर पोटरी सुजली, धाप लागली, छातीत दुखलं, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.