वाघनख आणि क्रिस

१९ जुलै २०२४ रोजीं सातारच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून उसनें आणलेलें एक वाघनख लोकांस पाहावयास खुलें झालें. दोन कड्या, एक पट्टी आणि तिला जडलेलीं वाकडीं पोलादी नखें, एवढेंच तें शस्त्र; मुठींत सहज लपावें असें. परंतु १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडचा प्रसंग ज्याच्या कानीं लहानपणींच पडला, तो त्याचा लहान आकार पाहत बसत नाहीं.

या वाघनखाची पेटी मात्र वाचून पाहण्यासारखी आहे. तिच्यावरील इंग्रजी मजकुराचा आशय असा: शिवाजीनें मोंगल सेनापतीस ज्यानें मारिलें तें हें शस्त्र असून, सातारचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांस तें पेशव्यांच्या प्रधानानें दिलें. अफझलखान मोंगलांचा नव्हे, विजापुरच्या आदिलशहाचा सरदार होता. आणि पेशवा तर स्वतःच छत्रपतींचा प्रधान! मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ सालीं तो प्रसिद्ध करणाऱ्या डफसाहेबांच्या हातून अशी चूक होणें कठीण. मजकूर मागाहून दुसऱ्या कोणीं तरी घातला असावा, असेंच वाटतें. शिवाजी महाराजांनीं वापरलेलें वाघनख तें हेंच, याची खातरी लंडनचें संग्रहालयही देत नाहीं. शिवाय बखरींत बिचवा व वाघनख यांचा उल्लेख असला, तरी परमानंदाच्या ‘शिवभारतां’त कृपाण आहे.

असाच पेंच जावा बेटांतील क्रिस नांवाच्या कट्यारीविषयीं पडला. युरोपांत ही कट्यार बहुधा माथेफिरूंचें क्रूर हत्यार म्हणून मांडली गेली. वस्तुतः जावांत ती घराण्याची ठेव. नवरदेव ती कमरेस खोवतो. आपल्याकडे खंडेनवमीस शस्त्रें पूजितात, तशी बालींत दर २१० दिवसांनीं ‘तुंपेक लंडेप’ या दिवशीं क्रिसची पूजा होते. १८२५ ते १८३० पर्यंत डचांशीं लढलेल्या दिपोनगोरो या राजपुत्राची क्रिस १८३१ त हॉलंडच्या राजाकडे गेली, आणि मार्च २०२० मध्यें ती इंडोनेशियास परत मिळाली. तिच्यामागें राजपुत्राचा सेनानी सेंतोत याचा जबाब होता, चित्रकार रादेन सालेह याचें टिपणही होतें. तरी पात्यावरील नागाची घडण ‘नाग सिलुमन’ या तिच्या नांवाशीं जुळते कीं नाहीं, यावर जाणकारांत वाद झालाच. सातारच्या वाघनखाच्या बाजूनें साक्ष द्यावयास ती पेटीच काय ती आहे.