बावखलाकांठचा शेजारधर्म



महोत्सवाच्या प्रसंगीं आपण देवळाच्या पायाची आठवण करितों. परंतु गांवाचा पाया शेजाऱ्याच्या अंगणांत असतो, हें वसईच्या इतिहासावरून दिसतें.

सन १५३४ मध्यें वसई पोर्तुगिजांकडे गेली; १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं किल्ला घेतला. गोरे पाद्री निघून गेले. एतद्देशीय धर्मगुरूंनीं उपासना चालू ठेविली, आणि ख्रिस्ती शेतकरी आपापल्या वाडींतच राहिले. आतां त्यांस तटबंदीचा आश्रय उरला नव्हता. बांधापलीकडच्या शेजाऱ्यांतच दिवस काढावयाचे होते. ते परकेही नव्हते. कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण यांची बोली थोड्याफार फरकानें एकच. केळीची बाग तीच, पानवेल तीच.

वाडींतील बावखल पावसाचें पाणी सांठवी. त्यावर रहाट फिरे, आणि जमिनींत मुरलेलें गोडें पाणी आसपासच्या विहिरींस मिळे. विहीर कोणाची, हें त्या पाण्यानें कधीं विचारिलें नाहीं. सकाळीं पाणी भरतांना आजाऱ्याची चौकशी होई, मुलीच्या लग्नाची वार्ता कळे, अबोलाही तेथेंच सुटे.

आज कित्येक बावखलें बुजविलीं गेलीं. कुंपणांच्या जागीं भिंती आल्या. दोष इतरांसच देत नाहीं. घरांस आशीर्वाद देण्यास निघालों असतां लगतच्या हिंदु घरावरून मीही पुष्कळदां मुकाट्यानें पुढें गेलों आहें.

ह्या महोत्सववर्षीं आपण प्रत्येकानें एक बंद दार ठोठवावें. आरंभ मी करितों.